आमच्या चोराची काळजी

८ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार भेटल्यावर घालीन, सध्या डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस, पुढे वाच. बातमी चांगली आहे. फोनवर सांगितली नाही, कारण फोनपाशी मुंगी कान लावून उभी असते, आणि आई मार खाऊन बसलीय हे लेकीला कशाला कळायला हवं?

झालं असं. दुकान बंद करायची वेळ, मालक घरी गेलेला. मी एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टची उंची कमी करत होते. (इथल्या लोकांचे पाय एक तर फार लांब नाही तर फार आखूड. मधला माणूस मला अजून भेटायचाय.) तेवढ्यात एक जण आत आला, एक शब्द न बोलता माझ्या शिलाई मशीनला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ते उचलायला लागला. तो ओढतोय, कण्हतोय, आणि मशीन ढिम्म. मी खुर्चीवर बसून नुसती बघतेय, कारण पॅन्ट अजून सुईखाली होती. शेवटी मलाच राहवलं नाही. म्हटलं, "अहो, ते खाली स्क्रूनं बसवलंय."

तो म्हणाला, "पाना आहे का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी बोंब ठोकली. तो घाबरला, मला ढकललं, मी मनगटावर आपटले. पडल्या पडल्या हाताला इस्त्री लागली, ती त्याच्या डोक्यात घातली. इस्त्री गार होती, देवाची कृपा. मग पोलीस येईपर्यंत दोघंही शेजारी शेजारी विव्हळत पडलो होतो.

आता चांगली बातमी. इथे परदेशातून आलेल्यांना आणि ज्यांच्यावर गुन्हा झालाय त्यांना फुकट वकील देणारं एक ऑफिस आहे. बेकरीच्या वरची एकच खोली, मधोमध पडदा. पडद्याच्या अलीकडे ज्यांना मार बसला ते, पलीकडे ज्यांनी मारलं असं म्हणतात ते. आमच्या बाजूच्या वकीलबाई माझं सगळं ऐकून खुर्चीतून उठल्या आणि माझा धडका हात हातात घेऊन म्हणाल्या, "अभिनंदन! तुमच्यावर गुन्हा झालाय."

कायदा असा की ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला, खटला चालू आहे तोवर, या देशातून कुणी हलवू शकत नाही. शिवाय त्याला आपलं मूल बोलावता येतं. आणि खटला चालू असताना मूल इथं येऊन पोचलं की मायलेकी दोघी कायमच्या राहू शकतात. ताई, माझा कामाचा परवाना उन्हाळ्यात संपतोय आणि मालक तो वाढवून देणार नाही म्हणाला होता. सहा वर्षं ज्यासाठी अर्ज केले, पाया पडले, ते एका चोरानं एका धक्क्यात करून दिलं!

तेव्हा मुंगीचा फोटो ताबडतोब पाठव. चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड बंद, हसायचं नाही. तुझा तर स्वतःचा फोटो स्टुडिओ, तुला मी काय सांगावं.

तुझी,
धाकटी


२६ जानेवारी

धाकटे,

हात मोडल्यावर अभिनंदन करणारी वकील मी जन्मात ऐकली नव्हती. त्या बाईची डिग्री एकदा बघून घे.

चोर आला, त्याला स्क्रू कुठं आहेत ते सांगितलंस! लहानपणी पाहुण्यांना आईनं चिवडा कुठं लपवलाय ते अशीच दाखवायचीस. अक्कल आहे तिथंच आहे.

मुंगीला मी काही बोलले नाही. पण तिला वास लागतोच. "फोनवरच्या आईला काय झालंय?" म्हणून विचारत होती. तुला ती असंच म्हणते, वाईट वाटून घेऊ नकोस. शाळेत चित्र काढायला सांगितलं होतं तर तिनं घर काढलं, मी काढली, आणि तुझ्याऐवजी भिंतीवर फोन काढला. चित्र छान आलंय.

फोटो पाठवतेय. जरा हसलीय. मी फार सांगितलं, पण नेमकी त्याच क्षणी दारातून शेजारची मांजर आत आली. चालेल असं वाटतं. हसरं मूल कुणाला नको असतं?

आणि एक विचारते. परवाना संपतोय तर परत ये ना. तुझी खोली तशीच आहे, तुझी कात्रीसुद्धा खिळ्याला टांगलेली आहे.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

फोटो परत आला. दात दिसतात म्हणे. इथल्या सरकारला हसरं मूल नको असतं. दुसरा काढ.

परत येऊन काय करू सांग. तिथं तीन दुकानांत काम केलं, तिन्ही बंद पडली, लोक तयार कपडे घ्यायला लागले. मुंगीचा बाबा गेल्यावर तूच मला गाडीत बसवून दिलंस ना? तेव्हा मूल सांभाळीन म्हणालीस, आणि सांभाळलंस. आता मला आई होऊ दे.

इकडे मात्र भलतंच झालंय. वकीलबाईंनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "एक अडचण आहे आणि एक सोय आहे. अडचण ही, की त्या माणसानंही तुमच्यावर फिर्याद केलीय. इस्त्रीबद्दल. सोय ही, की तुम्हाला दुसरीकडे जायला नको. फक्त पडद्याच्या पलीकडे जायचं."

तर आमचा चोरही परदेशी, सध्या जामिनावर बाहेर. घरं रंगवायचं काम करतो, परवाना त्याचाही संपत आलेला, आणि म्हाताऱ्या बापाला त्याला इथं आणायचंय. माझ्या हातून त्याच्या डोक्याला टाके पडले, म्हणजे त्याच्यावरही गुन्हा झाला! तेव्हा आता सकाळी मी अन्यायग्रस्त आणि तो आरोपी. जेवणाच्या सुट्टीनंतर उठायचं, खुर्च्या बदलायच्या. मी आरोपी आणि तो अन्यायग्रस्त. दोन्ही वकिलांनी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम आहे, पण चहाची किटली एकच, ती पडद्याखालून इकडून तिकडे सरकवतात. पडद्याची कड उसवली होती, ती मी मोकळा बसलेला हात चालवून टाचून दिली. पलीकडची भिंत चोर रंगवतोय. फुकट सल्ला घेतो तर दोघांनाही ओशाळं वाटतं.

खरी चिंता वेगळीच आहे. चोर पळाला, आजारी पडला किंवा तारखेला आला नाही तर माझा खटला बंद! खटला बंद म्हणजे मुंगी बंद. पहिल्याच तारखेला हा बाबा झोपून राहिला. मी धावत त्याच्या खोलीवर गेले, दार बडवलं, म्हटलं, "ऊठ, माझ्यावर अन्याय करायला चल!" तोंड धुवायला लावलं, शर्टाचं बटण तुटलं होतं ते रस्त्यानं चालता चालता लावून दिलं. परवा त्याला ताप भरला तर मीच सूप करून नेलं. ते पिऊन म्हणतो, "बाई, मीठ कमी आहे." म्हटलं, "तू आधी बरा हो, मग तुला बघते."

राग गेलेला नाही हं. तो प्लास्टरच्या आत खाजतो.

धाकटी


९ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोक्याला हात लावला. स्पष्ट विचारते, रागावू नकोस. त्या माणसाचं लग्न झालंय का?

बटणं लावतेस, सूप नेतेस, झोपेतून उठवतेस. तुझ्या नवऱ्याला तू कधी जेवायलासुद्धा हाक मारली नाहीस, तोच बिचारा तुला हाका मारायचा. चोराशी संसार मांडायचा असेल तर मांड, तू मोठी झालीस, पण मुंगीला आधी नीट कळवायला हवं. "हे तुझे नवे बाबा, यांनी आईचा हात मोडला" असं मी पोरीला कुठल्या तोंडानं सांगू? त्याचा बापही येणार म्हणतेस. म्हणजे सासरा पण आला.

मुंगी बरी आहे. एक दात पडला, तिनं तो काडेपेटीत ठेवलाय आणि कुणाला दाखवत नाही, मला सोडून. तिला भाकरीचा कडक पापुद्राच लागतो, मधलं मऊ मी खाते. केस धुताना डोळ्यात फेस गेला की ओरडते, म्हणून मी आधी हाताचा पंजा तिच्या कपाळाला लावते. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. नाही तरी तुला कसं माहीत असणार.

फोटो पाठवतेय. डोळे जरा मिटलेत. फ्लॅशच्या वेळी नेमकी पापणी पडली. या स्टुडिओत मी अख्ख्या गावाची तोंडं सरळ केली, पण ही पोर काही स्थिर बसत नाही.

ताई


४ एप्रिल

ताई,

फोटो परत आला. मिटलेल्या डोळ्यांची मुलगी कशाला हवी असं खिडकीतल्या कारकुनानं विचारलं. मी म्हटलं, उघडते ती, तुम्ही येऊ तर द्या.

आधी लग्नाचं. नाही! नाही, नाही आणि नाही. तो माझ्यापेक्षा लहान आहे, झोपेत घोरतो (दाराबाहेरूनसुद्धा ऐकू येतं, उगाच डोळे मोठे करू नकोस) आणि त्याचं त्याच्या गावातल्या एका नर्सवर मन आहे. मी त्याची काळजी घेते ती शिंपी मशीनला तेल घालतो तशी. बंद पडून चालणार नाही, एवढंच.

आता नवं संकट ऐक. न्यायाधीश देवमाणूस निघाले आणि आमचं नशीब फुटलं. त्यांना माणसांचं एकमेकांशी पटवून द्यायची भारी हौस. आमची गोष्ट ऐकली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "दोघंही कष्टाची माणसं, दोघंही घरापासून लांब. पुढच्या तारखेला इथं माझ्यासमोर एकमेकांना माफ करा. मी दोन्ही खटले मिटवून टाकतो आणि सुखानं घरी जा." सुखानं घरी म्हणजे विमानात बसवून, ताई! मायाळू माणसासारखा घातकी माणूस नाही.

ऑफिसात हाहाकार उडाला. वकीलबाईंनी त्या दिवशी किटलीच सरकवली नाही. मग दोन्ही वकिलांनी, आपापल्या बाजूला बसून, पडद्याकडे तोंड करून आम्हाला भांडायला शिकवायला घेतलं. आम्ही दोघं मधल्या बाकावर. वकीलबाई म्हणतात, "रागानं बघा." मी बघते. चोर म्हणतो, "बाई, तुम्हाला बद्धकोष्ठ झाल्यासारखं दिसतंय." मग सगळेच हसतो आणि पहिल्यापासून सुरू. पलीकडच्या वकिलांनी त्याला मला शिवी द्यायला सांगितलं, तर म्हणतो, "यांनी मला सूप पाजलंय." शेवटी मीच त्याला चार शिव्या शिकवल्या. आपल्या भाषेतल्या. उच्चार सुधारतोय.

एक आणखी. तुझे दोन्ही फोटो मी बाकावर बसून बघत होते. चोरानं वाकून बघितले आणि विचारलं, "फोटो कुणी काढले?" म्हटलं, माझ्या बहिणीनं, तिचा स्टुडिओच आहे. त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. मग म्हणाला, "बाई, मी चोरी करतो तेव्हा एक बघतो. ज्या वस्तूवर माणसाचा जीव असतो ती तो दारापासून लांब ठेवतो. तुमच्या बहिणीला ही पोरगी द्यायची नाहीये."

मी त्याला ओरडले. पण ताई, रात्रभर तेच डोक्यात आहे. खरं सांग. मांजर आली होती का?

धाकटी


३० एप्रिल

चोराच्या तोंडून माझी अक्कल काढून घ्यायची वेळ तू माझ्यावर आणलीस. ज्यानं तुझा हात मोडला तो तुझा शहाणा आणि मी लबाड!

फोटो सोबत आहे. डोळे उघडे. तोंड बंद. कान दोन्ही. हसलेली नाही, हसायला काही नव्हतंच.

मुंगीला तिकडे पाठवायच्या संमतीचा कागद सही करून जोडलाय.

ताई


२ जून

ताई,

तू फोन उचलत नाहीस. मुंगी उचलते आणि म्हणते, "मावशी स्टुडिओत आहे," आणि मागे तू खोकल्याचं मला ऐकू येतं. म्हणून लिहितेय.

फोटो पास झाला. कारकून म्हणाला, इतका व्यवस्थित फोटो आमच्याकडे कधी येत नाही.

आणि काल तारीख झाली. चोर अंघोळ करून, भांग पाडून आला होता. त्याला म्हटलं, निदान आज तरी गुन्हेगारासारखं दिसायचंस. आत गेलो. न्यायाधीशांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं, मला म्हणाले, "बाई, या माणसाच्या डोळ्यांत बघा आणि सांगा, याला माफ केलंत का?"

नाही म्हणायचं होतं, ताई. एवढं पाठ केलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. कपाळावर माझ्या इस्त्रीची खूण. आणि माझं मनगट प्लास्टरमधून सुटल्यापासून रोज येऊन, दुकानाचं जड शटर तोच वर करून देतो, न सांगता. माझ्या तोंडातून "नाही" निघेचना. तोंड उघडलं की "हो" बाहेर पडणार, आणि "हो" बाहेर पडलं की मुंगी गेली. शेवटी मी रडायला लागले. न्यायाधीश हळवे झाले. रुमाल काढला, म्हणाले, "अश्रू हेच उत्तर आहे," आणि पेन उचललं.

तेवढ्यात चोरानं माझी पर्स हिसकावली आणि पळाला!

भर कोर्टात. जाताना मी शिकवलेल्या चारही शिव्या दिल्या, उच्चार अगदी स्वच्छ. घाईत दार समजून कपाट उघडलं, त्यातून झाडू अंगावर पडले, तिथून परत फिरला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं तो काय करतोय. माझ्यावर नवा गुन्हा करत होता, ताई. आणि त्याच्या बापाचं काय? माझ्या गुन्ह्यावरच त्याचं सगळं. त्याला एकट्याला कसं बुडू द्यायचं? मी वकीलबाईंच्या हातातली आमची फाईल घेतली, चांगली जाडजूड झालीय ती, आणि त्याच्या पाठीत दणकन घातली. तो "आई गं" म्हणून खाली बसला. कुठल्या भाषेत म्हणाला कुणास ठाऊक, पण मला तसंच ऐकू आलं.

मग दोन्ही वकील एकदमच उठून उभे राहिले आणि एकदमच म्हणाले, की आता या ताज्या गुन्ह्यांचे साक्षीदार खुद्द न्यायाधीशच आहेत, तेव्हा त्यांना हे खटले चालवता येणार नाहीत. दुसरे न्यायाधीश नेमावे लागतील आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्यांची फार दया आली.

बाहेर जिन्यावर चोरानं पर्स परत दिली. म्हणाला, "जोरात लागलं." म्हटलं, "लागायलाच हवं होतं." मग आम्ही दोघंही तिथेच बसून वेड्यासारखे हसलो, आणि मग मी पुन्हा रडले.

मुंगीचा परवाना आज हातात आला. शाळा सुटली की पाठव. विमानात लहान मुलांना सोबत देतात. ताई, बोल ना माझ्याशी.

धाकटी


११ जुलै

धाकटे,

हे पत्र मुंगीला काल विमानात बसवून आल्यावर लिहितेय. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्यासमोर उभी असेल. आधी तिला काहीतरी खायला दे, मग वाच.

मांजर आली नव्हती. आपल्या शेजारी मांजरच नाही. पहिल्या फोटोच्या वेळी मीच कॅमेऱ्यामागून वेडावून दाखवलं. दुसऱ्या वेळी "डोळे मीट, गंमत दाखवते" म्हणाले. तिसऱ्यांदा मी काहीच केलं नाही, नुसतं बटण दाबलं. तिनं विचारलं, "मावशी, आज गंमत नाही?" मी आत अंधाऱ्या खोलीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

तुझ्या चोराला सांग, त्याचं बरोबर होतं. आणि सांग की मला त्याचा राग आलाय.

ती तुला आठ-पंधरा दिवस "अहो आई" म्हणेल, दचकू नकोस, परक्या माणसांना ती मान देते. तिला डाव्या कुशीवर झोप लागते. दाताची काडेपेटी तिनं निघताना माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ही तू सांभाळ, तिकडे हरवेल." मी मोठ्या बायकांसारखं वागायचं ठरवलं होतं. जमलं नाही. सगळ्यांच्या समोर भोकाड पसरलं, शेवटी मुंगीनंच माझं नाक पुसलं.

सहा वर्षांत मी लग्नाची दोन स्थळं परत पाठवली, हे तुला माहीत नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. मला आमचं दोघींचं घर पुरत होतं. आता ते घर तू नेलंस. हक्क तुझाच आहे, मी नाही म्हणत नाही. मूल तुझं, पोटातून आलेलं. पण आज सकाळी मी दोन ताटं वाढली आणि एक उचलून परत ठेवलं.

ते तुझं ऑफिस फुकट सल्ला देतं ना? मग तुझ्या वकीलबाईंना विचार. माझं जे गेलं, ते कुठल्या गुन्ह्यात बसतं?

ताई


२९ जुलै

ताई,

मुंगी पोचली. खाल्लं. झोपली, डाव्या कुशीवर. मला "अहो आई" म्हणते आणि जेवताना पाठ ताठ ठेवून बसते, जशी पाहुण्यांकडे. काल केस धुताना माझा पंजा मी तिच्या कपाळाला लावला, तर तिनं वर बघितलं आणि विचारलं, "हे तुम्हाला मावशीनं सांगितलं?" मी हो म्हटलं. मग ती रडली आणि मी पण रडले, आणि फेस दोघींच्याही डोळ्यात गेला.

तुझं पत्र मी ऑफिसात नेलं. वकीलबाईंना वाचून दाखवलं. पडद्यापलीकडून किटली यायची होती, ती मध्येच थांबली. बाईंनी सगळी कलमं काढली. पळवून नेणं बसत नाही, मूल माझंच आहे. विश्वासघात बसत नाही, तू कधी अटच घातली नव्हतीस. चोरी बसत नाही, कारण तू स्वतःच्या हातानं दिलंस. बाईंनी पुस्तक मिटलं. तेव्हा पलीकडचे वकील, नियम मोडून, पडद्यातून डोकं काढून म्हणाले, "अहो, आधी फिर्याद तर घ्या. बसेल कुठेतरी." कोपऱ्यात भिंतीला दुसरा हात देत असलेला चोर ब्रश खाली ठेवून म्हणाला, "घ्याच."

घेतली, ताई. अन्यायग्रस्त: थोरली बहीण. बाईंनी विचारलं, आरोपी कोण? मी उठले आणि पडद्याच्या पलीकडे जाऊन आरोपीच्या खुर्चीत बसले. म्हटलं, मी. गुन्हा कबूल आहे का विचारलं. म्हटलं, कबूल आहे, सहा वर्षांचा.

बाई म्हणतात, हा खटला उभा राहील याची त्या कसलीही हमी देत नाहीत, असा खटला कुणी कधी ऐकलेला नाही. पण फिर्यादीला तारखेला स्वतः हजर राहावं लागतं, आणि तारीख लागली की त्या तुला बोलावण्याचा कागद पाठवणार आहेत. आणि कायदा तुला माहीत आहे: खटला चालू आहे तोवर ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला इथून कुणी हलवू शकत नाही.

तेव्हा स्टुडिओला कुलूप लाव आणि ये. इथं तुला न्यायाधीश भेटतील, कदाचित फार मायाळू असतील. मुंगी शेजारी बसलेली असेल, मी समोर उभी असेन, बहुतेक रडत असेन. ते तुला विचारतील, या बाईला माफ केलंत का. ताई, तुला माझी शपथ आहे. काही झालं तरी मला माफ करू नकोस.

धाकटी